मुंग्या पाठवायच्या कुठे?

फलटणच्या आमच्या घराच्या गच्चीवर १९८२ साली लोखंडी पाइपचा एक खांब उभा राहिला. तीन बाजूंनी तारांचे ताण दिलेल्या त्या खांबाच्या टोकाला ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा अँटेना होता आणि त्याचे तोंड वायव्येला, सिंहगडाकडे होते. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी त्याचे कार्यक्रम सिंहगडावरच्या प्रक्षेपकावरून पुण्यात दिसू लागले. फलटण तिथून सरळ रेषेत सुमारे ८० किलोमीटर, आणि मध्ये डोंगर. त्यामुळे आमच्या वाट्याचा सिग्नल पंगतीतल्या शेवटच्या पानावर येणाऱ्या जिलबीसारखा असे, आला तर आला. दादा गच्चीवर खांब फिरवायचा, मी जिन्यात उभा राहून निरोप पोचवायचो आणि आजी खोलीतून सांगायची, "अरे, परत मुंग्या आल्या!"

पडद्यावर सैरावैरा धावणाऱ्या काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांना मराठी घरांनी दिलेला हा शब्द मला आजही पाठ्यपुस्तकातल्या कोणत्याही संज्ञेपेक्षा नेमका वाटतो, कारण त्यात संख्या आहे, हालचाल आहे आणि कितीही झटकले तरी परत येण्याचा चिवटपणाही आहे. पुढे इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करताना आणि सुट्ट्यांमध्ये एका दुरुस्तीच्या दुकानात हाताखाली काम करताना या मुंग्यांची, म्हणजे नॉइजची, रीतसर ओळख झाली. तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली, ती आजवर पुसली गेलेली नाही. नॉइज एकदा सिग्नलमध्ये मिसळला की तो निवडून वेगळा काढता येत नाही. मात्र तो मिसळण्याआधी थोडा विचार केला, तर तो कुठे पडावा, कोणत्या रंगाचा दिसावा आणि त्याची झळ चित्राच्या कोणत्या अंगाला बसावी, हे बऱ्याच प्रमाणात आपल्या हाती ठेवता येते. सुरुवातीच्या दूरचित्रवाणीचे अभियंते आयुष्यभर हाच हिशेब करत होते.

मुंग्यांचे मूळ शोधायचे तर १९२८ सालापाशी जावे लागते. त्या वर्षी अमेरिकेतल्या बेल टेलिफोन प्रयोगशाळेत जॉन जॉन्सन यांनी असे दाखवून दिले की कोणत्याही वाहकात, अगदी साध्या रोधकातही, त्याच्या तापमानामुळे इलेक्ट्रॉनांची सतत चुळबूळ चालू असते आणि त्या चुळबुळीतून मोजता येईल असे व्होल्टेज तयार होते. तिथलेच हॅरी नायक्विस्ट यांनी त्यामागचे गणित मांडले. दोघेही जन्माने स्वीडनचे, आणि दोघांचे लेख एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात पाठोपाठ छापले गेले. त्या गणिताप्रमाणे या व्होल्टेजचा वर्ग तीन गोष्टींच्या प्रमाणात वाढतो: तापमान, रोध आणि बँडविड्थ, म्हणजे सिग्नलसाठी उघडा ठेवलेल्या वारंवारतांच्या पट्ट्याची रुंदी. तापमान हाताबाहेरचे आहे आणि रोध सर्किटने ठरवलेला असतो. राहता राहिली बँडविड्थ, आणि दूरचित्रवाणीचे सारे दुखणे तिथेच आहे.

जॉन लोगी बेअर्ड यांची ३० ओळींची दूरचित्रवाणी सेकंदाला साडेबारा चित्रे दाखवत असे. तिला जेमतेम १० किलोहर्ट्झच्या आसपासची बँडविड्थ पुरत असल्यामुळे १९२९ पासून ती लंडनहून मध्यम लहरींवर, म्हणजे रेडिओच्या नेहमीच्या पट्ट्यात, प्रक्षेपित करता आली. चित्र कसले, तळहाताएवढ्या चौकटीत एखादा चेहरा ओळखू येई इतकेच. त्यानंतर २ नोव्हेंबर १९३६ रोजी बीबीसीने लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून नियमित सेवा सुरू केली, तेव्हा मार्कोनी-ईएमआयच्या ४०५ ओळींच्या चित्राला अडीच-तीन मेगाहर्ट्झ लागत होते. बँडविड्थ अडीचशे-तीनशे पट वाढली, याचा सरळ अर्थ असा की ग्राहक संचात, म्हणजे घरातल्या टीव्हीत, शिरणाऱ्या औष्णिक (उष्णतेमुळे होणाऱ्या) नॉइजची शक्तीही तितक्याच पटीने वाढली. पन्हाळीने पाणी घ्यायचे तिथे धरणाचा दरवाजा उघडला, तर पाण्याबरोबर गाळही त्याच मापाने येणार.

आमच्या घरचा हिशेब मी एकदा वहीत मांडला होता. अँटेनापासून संचापर्यंत ३०० ओहमची चपटी वायर आणि बँडविड्थ ५ मेगाहर्ट्झ धरली, तर संचाच्या तोंडाशी केवळ उष्णतेमुळे सुमारे अडीच मायक्रोव्होल्ट नॉइज उभा असतो. संचाच्या पहिल्या टप्प्यातला ट्रान्झिस्टर किंवा व्हॉल्व्ह स्वतःची भर घालून तो दुप्पट करतो, असे समजा. चित्र बऱ्यापैकी स्वच्छ दिसण्यासाठी सिग्नलचे व्होल्टेज नॉइजच्या निदान शंभरपट लागते, म्हणजे आम्हाला अर्धा मिलिव्होल्ट हवा होता, आणि आजीच्या तक्रारींवरून पाहता आम्हाला तो क्वचितच मिळत होता.

इथे एक आडवाट घेतो. पडद्यावरच्या मुंग्यांपैकी एक टक्का मुंग्या विश्वाच्या जन्मावेळच्या महास्फोटाच्या अवशेषातून येतात, असे वाक्य आंतरजालावर वारंवार फिरते. वाक्य सुंदर आहे, पण सुरुवातीच्या दूरचित्रवाणीने वापरलेल्या ४५ मेगाहर्ट्झच्या परिसराला ते लागू पडत नाही. त्या वारंवारतेवर आपल्या आकाशगंगेतूनच येणारा रेडिओ नॉइज इतका असतो की अँटेनाला आकाश काही हजार केल्विन तापमानाचे असल्यासारखे 'दिसते'. हा आकाशगंगेचा आवाज कार्ल जान्स्की यांनी २०.५ मेगाहर्ट्झवर टिपला आणि १९३३ मध्ये जाहीर केला. महास्फोटाचा अवशेष फक्त २.७ केल्विनचा आहे, म्हणजे त्या पडद्यावरच्या हजार मुंग्यांत त्याच्या वाट्याला एकही येत नाही. वरच्या वारंवारतांवर आकाश शांत होत जाते आणि तिथे मात्र संचाच्या स्वतःच्या नॉइजचे राज्य सुरू होते. संचात चांगला व्हॉल्व्ह बसवून कुठे फायदा होणार आणि कुठे नाही, हे या एका फरकावर अवलंबून असते.

नॉइजचा बंदोबस्त मात्र अँटेनापाशी नव्हे, कॅमेऱ्यापासूनच सुरू करावा लागत होता. फायलो फार्न्सवर्थ यांनी ७ सप्टेंबर १९२७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत चालवून दाखवलेल्या 'इमेज डिसेक्टर' नळीत संपूर्ण चित्राचे इलेक्ट्रॉन एका बारीक छिद्रासमोरून सरकवले जात. कोणत्याही क्षणी छिद्रातून आत जाणारे इलेक्ट्रॉन चित्रातल्या एकाच बिंदूचे असत, बाकी साऱ्या बिंदूंचे इलेक्ट्रॉन वाया जात. चित्राचे एक लाख बिंदू केले, तर ९९,९९९ बिंदूंचा उजेड दर क्षणाला फुकट. इलेक्ट्रॉन कमी असले की त्यांच्या संख्येतला चढउतार डोळ्यांवर येतो. सरासरी १०० इलेक्ट्रॉन येत असतील तर त्यांत दहाएकांचा फरक सहज पडतो, म्हणजे १० टक्के. १०,००० येत असतील तर फरक शंभराचा, म्हणजे १ टक्काच. वॉल्टर शॉट्की यांनी १९१८ मध्येच या प्रकारच्या नॉइजचा नियम सांगून ठेवला होता. फार्न्सवर्थ यांनी इलेक्ट्रॉन गुणक जोडून सिग्नल पुष्कळ वाढवला आणि ॲम्प्लिफायरच्या नॉइजला मागे टाकले, पण मुळात मोजक्या असलेल्या इलेक्ट्रॉनांतला चढउतारही त्यांच्याबरोबर गुणला गेला. त्यामुळे डिसेक्टरला प्रखर उजेड लागे, आणि तो चित्रपटाची फीत दाखवायला ठीक असला तरी माणसांसमोर अवघड ठरे.

व्लादिमीर झ्वोरिकिन यांचा 'आयकॉनोस्कोप' आणि ईएमआयमध्ये मॅकगी व टेडहॅम यांनी घडवलेला 'एमिट्रॉन' यांनी वेगळा मार्ग धरला. त्यांच्या पटलावर प्रकाशसंवेदी कणांची बारीक नक्षी असे, आणि प्रत्येक कण आपली पाळी येईपर्यंतचा उजेड विद्युतभाराच्या रूपाने साठवून ठेवी. दिवसभर थेंब थेंब भरलेली घागर संध्याकाळी एकदम ओतावी, तसा सिग्नल बाहेर येई. तत्त्व जितके देखणे, तितका व्यवहार सरळ नव्हता. पटल वाचणारी इलेक्ट्रॉनांची शलाका आपटल्यावर उडालेले दुय्यम इलेक्ट्रॉन पटलावर असमान पसरत आणि चित्राच्या एका कोपऱ्यात काळोखी, दुसऱ्या कोपऱ्यात फिकट झाक उमटे. अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये एक अभियंता केवळ ही झाक घालवण्यासाठी बसलेला असे. चित्र एका बाजूला कलत असेल तर 'टिल्ट'ची बटणे आणि मधोमध वाकत असेल तर 'बेंड'ची बटणे फिरवून तो उलट आकाराचा सिग्नल त्यात मिसळी, आणि कॅमेऱ्यासमोरचे दृश्य बदलले की पुन्हा फिरवी. मला हे काम फार आवडते. या नॉइजचा आकार संथ आणि ओळखीचा होता म्हणून त्याची प्रतिकृती करून तो वजा करता येत होता. मुंग्यांची अशी प्रतिकृती करता येत नाही, कारण पुढची मुंगी कुठे उमटेल हे कोणालाच ठाऊक नसते.

आता प्रक्षेपकाकडे वळू. मला सर्वांत रंजक वाटणारा निर्णय तिथे झाला, आणि अटलांटिकच्या दोन्ही काठांवर तो परस्परविरुद्ध झाला. वाहक लहरीचा, म्हणजे चित्र वाहून नेणाऱ्या रेडिओ लहरीचा, जोर चित्राच्या उजेडाप्रमाणे कमी-जास्त करायचा, इतके सर्वांना मान्य होते. प्रश्न होता दिशेचा. ब्रिटनमध्ये पूर्ण जोर म्हणजे पांढरा, ३० टक्के जोर म्हणजे काळा, आणि प्रत्येक ओळ कुठे सुरू होते हे सांगणारी सिंक पल्स त्याच्याही खाली, शून्यापर्यंत. अमेरिकेने १९४१ मध्ये ५२५ ओळींची पद्धत पक्की केली तेव्हा नेमके उलटे ठरवले: सिंक पल्सला १०० टक्के जोर, काळ्याला सुमारे ७५ टक्के आणि पांढरा सर्वांत खाली. भारताने पुढे स्वीकारलेली ६२५ ओळींची पद्धतही याच उलट्या दिशेची होती.

हा फरक कागदावर किरकोळ दिसतो, पण रस्त्यावर मोटार आली की त्याचा अर्थ कळतो. पेट्रोल इंजिनाच्या स्पार्क प्लगमधली ठिणगी आणि हाइनरिश हर्ट्झ यांनी रेडिओ लहरी पहिल्यांदा निर्माण केल्या ती ठिणगी, या एकाच कुळातल्या आहेत. प्रत्येक ठिणगीबरोबर एक लहानसे प्रक्षेपण होते, आणि ४५ मेगाहर्ट्झच्या परिसरात त्याचा जोर चांगलाच असतो. ही ठिणगी वाहक लहरीत मिसळली की तिचा जोर क्षणभर वाढवते. जोर म्हणजे पांढरा असे ठरवलेल्या ब्रिटिश संचावर त्यामुळे झगझगीत पांढरा ठिपका उमटे, आणि शलाकेचा प्रवाह मर्यादेबाहेर गेल्यामुळे तो फुगून आणखी मोठा दिसे. अंधाऱ्या दृश्यात तर तो डोळ्यांना टोचत असे. जोर म्हणजे काळा असे ठरवलेल्या अमेरिकी संचावर तीच ठिणगी काळा ठिपका पाडी, आणि काळा ठिपका मुळात फुगत नाही. चित्रात काळे पुष्कळ असते, त्यात तो खपून जातो.

मग ब्रिटिशांनी चूक केली का? मला तसे वाटत नाही. त्यांच्या पद्धतीत ठिणगीचा धक्का पांढऱ्याकडे, म्हणजे सिंक पल्सच्या नेमक्या विरुद्ध दिशेला जाई. चित्रावर ठिपके पडत, पण चित्र जागचे हलत नसे. १९३६ साली घरगुती संचात सिंकची सर्किटे इतकी साधी होती की ओळींची शिस्त राखणे हीच पहिली गरज होती, आणि ती त्यांनी राखली. ठिपक्यांसाठी संचात एक मर्यादक बसवला जाई. पांढऱ्याच्या वर गेलेला सिग्नल तो छाटून टाकी, त्यामुळे ठिपका निदान फुगत नसे. पुढे १९५२ च्या नियमांनी ब्रिटनमध्ये नव्या वाहनांच्या प्रज्वलन यंत्रणेवर नॉइज दाबणारे घटक बसवणे सक्तीचे झाले. एखाद्या देशाने टीव्हीसाठी मोटारींना शिस्त लावावी, ही गोष्ट आपल्याकडच्या रस्त्यांची सवय असलेल्या मला अजून नवलाची वाटते. ४०५ ओळींचे प्रक्षेपण तिकडे जानेवारी १९८५ पर्यंत टिकले.

आमच्या घरी ठिपके काळे होते. समोरच्या रस्त्याने मोपेड गेली की पडद्यावर काळ्या ठिपक्यांची तुटक माळ सरकत जाई, आणि शेजारच्या काकू मिक्सर लावत तेव्हा ठिपक्यांचे दोन आडवे पट्टे उमटत. दोनच का, हा प्रश्न मला कित्येक वर्षे पडला होता. मिक्सरच्या मोटरीत ब्रशपाशी ठिणग्या उडतात, त्या घरगुती विजेचा प्रवाह शिखरावर असतो तेव्हा जास्त, आणि हा प्रवाह सेकंदाला १०० वेळा शिखर गाठतो. पडदा सेकंदाला ५० वेळा वरपासून खालपर्यंत रंगवला जातो. शंभराला पन्नासने भागले की दोन पट्टे. उत्तर सापडले त्या दिवशी मी आईला चटणी वाटायला लावून ते पुन्हा पाहून घेतले होते.

अमेरिकी पद्धतीत ठिपके सौम्य झाले, पण त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागली. ठिणगीचा धक्का आता थेट सिंक पल्सच्या दिशेने जात होता, त्यामुळे संचाला ती खोटी सिंक पल्स वाटे आणि तो ओळ भलत्याच जागी सुरू करी. अशा वेळी चित्राच्या कडा फाटल्यासारख्या दिसत, उभा दरवाजा करवतीच्या दातांसारखा होई. सिग्नल कमजोर असला तर औष्णिक नॉइजही हाच खोडसाळपणा करी. यावरचा इलाज के. आर. वेंड्ट आणि जी. एल. फ्रेडेंडॉल यांनी १९४३ मध्ये सविस्तर मांडला, आणि अभियंते त्याला फ्लायव्हील सिंक म्हणू लागले. आमच्या भागात विहिरीवरचे जुने ऑइल इंजिन ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे पटकन समजेल. त्या इंजिनाला दोन फेऱ्यांत एकदाच स्फोटाचा धक्का मिळतो, तरी त्याचे जड चाक एकसारखे फिरत राहते. एखादा स्फोट चुकला तरी पाण्याची धार तुटत नाही. संचातही तसेच केले गेले. ओळींचा वेग राखणारा एक आंदोलक स्वतःच्या गतीने चालू ठेवायचा आणि येणाऱ्या सिंक पल्सशी त्याची जुळणी हळूहळू, कित्येक ओळींच्या सरासरीवरून करायची. आपल्या पद्धतीत सेकंदाला १५,६२५ ओळी असतात. त्यातल्या पाच-दहा पल्स खोट्या आल्या तरी आंदोलक त्यांना भीक घालत नाही.

याला एक जोडीदार होता. सिंक पल्सचे शिखर नेहमी १०० टक्के असल्यामुळे सिग्नल किती जोरात येतो आहे हे त्यावरून मोजून संच आपले वर्धन, म्हणजे सिग्नल किती पट वाढवायचा ते, आपोआप कमी-जास्त करू शकत होता, आणि ब्रिटिश पद्धतीत अशी स्थिर खूणगाठ सहज हाती लागत नव्हती. पण ठिणगीचे शिखर त्याहून उंच आले की ही यंत्रणा फसून वर्धन घटवी आणि चित्र फिके पडे. म्हणून पुढच्या संचांत ही मोजणी फक्त सिंक पल्सच्या काही मायक्रोसेकंदांपुरतीच उघडी ठेवली गेली. बाकीच्या वेळात कितीही ठिणग्या उडाल्या तरी दार बंद.

इतके सगळे झाल्यावरही आमच्यासारख्या काठावरच्या घरांना मुंग्या होत्याच, आणि त्यांच्यावरचा लोकमान्य उपाय म्हणजे बूस्टर, सिग्नल वाढवणारा छोटा डबा. पहिला बूस्टर वडिलांनी टीव्हीच्या मागे, हाताशी यावा म्हणून बसवला होता. चित्र अधिक ठसठशीत झाले आणि मुंग्याही अधिक ठसठशीत झाल्या. ज्या दुकानात मी पुढे काम केले, तिथल्या मिस्त्रींनी तो पाहून एवढेच म्हटले, "डबा वर न्या, खांबाच्या डोक्यावर. खाली पोचेपर्यंत जे मेलं ते मेलं." बेल प्रयोगशाळेतले मूळचे डॅनिश अभियंते हराल्ड फ्रिस यांनी १९४४ मध्ये एका सूत्रात मांडलेली गोष्ट मिस्त्रींनी एका ओळीत सांगितली होती. साखळीतल्या पहिल्या टप्प्याचा नॉइज पूर्णपणे मोजावा लागतो, नंतरच्या प्रत्येक टप्प्याचा नॉइज आधीच्या वर्धनाने भागला जातो. वायर सिग्नल खाते, पण औष्णिक नॉइज खात नाही, कारण वायर स्वतःच त्या तापमानाला असते. नवी, कोरडी चपटी वायर फारसे खात नसे. आमची मात्र उन्हाने तडकलेली होती, आणि पावसाळ्यात तिच्या भेगांत पाणी शिरले की मुंग्या दुणावत. बूस्टर खांबाच्या टोकाला गेला, अँटेनापासून जेमतेम हातभर अंतरावर, आणि त्या संध्याकाळी बातम्या देणाऱ्या निवेदिकेच्या साडीचे काठ आम्हाला पहिल्यांदा दिसले.

अँटेनाही नॉइजच्याच कामाचा होता. शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी १९२६ मध्ये जपानमध्ये मांडलेली ती नळ्यांची रचना समोरून येणारा सिग्नल गोळा करते आणि पाठीकडून येणाऱ्याकडे दुर्लक्ष करते. खांब फिरवताना दादा नकळत दोन कामे करत असे: तोंड सिंहगडाकडे आणि पाठ रस्त्याकडे.

आपल्या देशातला नॉइजविरुद्धचा सर्वांत धाडसी डाव मात्र आमच्या खांबाच्या आधी खेळला गेला होता. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात 'साइट' या प्रयोगात सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांना अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून थेट दूरचित्रवाणी दाखवण्यात आली. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता, पण प्रयोगाचे कार्यक्रम व्यवस्थापक होते कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस, आणि प्रमोद काळे यांचाही त्यात मोठा वाटा होता. उपग्रह ३६,००० किलोमीटर उंचीवर, त्याचा प्रक्षेपक अवघ्या ८० वॉटचा, म्हणजे घरातल्या पिवळ्या बल्बाएवढा. त्याचा ९ मीटर व्यासाचा अँटेना तो सिग्नल भारताकडे एकवटत होता, तरीही खेड्यातल्या शाळेच्या आवारात पोचेपर्यंत हाती लागणारी शक्ती एका वॉटच्या अब्जाव्या हिश्शाचे जेमतेम काही शतांश भरते. ती गोळा करायला ३ मीटर व्यासाचा अँटेना होता, आणि त्याचे पटल कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात त्या जाळीचे होते. ८६० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी ३५ सेंटिमीटर असते. तिच्या दृष्टीने बोटभर भोकांची जाळी म्हणजे सलग पत्राच, शिवाय हलकी, स्वस्त आणि वाऱ्याला वाट देणारी.

एवढ्या अल्प सिग्नलवर नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे लहरीचा जोर बदलून, चित्र पाठवले असते तर गावकऱ्यांना मुंग्यांतून चित्र शोधावे लागले असते. म्हणून उपग्रहावरून येताना चित्र एफएमने आले, म्हणजे जोर तोच ठेवून वारंवारता हलवली गेली. एडविन आर्मस्ट्राँग यांना १९३३ मध्ये ज्याची पेटंटे मिळाली ते हेच तंत्र. नॉइज लहरीला थोडेसे डगमगवतो. सिग्नलने वारंवारता पुष्कळ दूरपर्यंत हलवली असेल तर त्या मोठ्या हेलकाव्यापुढे नॉइजचे डगमगणे नगण्य ठरते. मोबदल्यात बँडविड्थ कितीतरी पटीने द्यावी लागते. जमिनीवरच्या प्रक्षेपणात शेजारी शेजारी चॅनेल दाटलेले असल्यामुळे चित्रासाठी ही चैन परवडत नव्हती आणि अमेरिकेने १९४१ मध्ये फक्त आवाजापुरती ती घेतली. अवकाशात नेमके उलटे होते. तिथे जागा मुबलक आणि वॉट महाग.

एफएममध्ये उरलेला नॉइजही सगळीकडे सारखा पसरत नाही. जाड्या आकृतींच्या भागात तो कमी आणि बारीक तपशिलाच्या भागात जास्त साचतो. सुदैवाने माणसाचा डोळा बारीक रवाळपणाकडे काणाडोळा करतो, ढोबळ डाग मात्र त्याला लगेच खटकतात. याचा आणखी फायदा घेण्यासाठी प्रक्षेपकात चित्राचा बारीक तपशील मुद्दाम चढवून पाठवतात आणि ग्राहक संचात तो तेवढाच उतरवतात. वाटेत मिसळलेला नॉइज चढवलेला नसतो, उतरवला मात्र जातो. एवढ्या वर्षांनंतरही ही युक्ती मला कोणत्याही सूत्रापेक्षा जास्त आनंद देते. एफएमला एक खोड मात्र आहे. सिग्नल एका मर्यादेखाली गेला की तो हळूहळू बिघडत नाही, एकाएकी कोसळतो, आणि पडद्यावर मुंग्यांऐवजी चमचमणाऱ्या काळ्या-पांढऱ्या रेघोट्यांचे तुटके फटकारे उडू लागतात. त्यामुळे 'साइट'च्या हिशेबात त्या मर्यादेच्या वर किती वाव ठेवायचा, यावर जाळीचा व्यास, अँटेनापाशीच बसवलेला पहिला ॲम्प्लिफायर आणि पर्यायाने प्रत्येक गावचा खर्च ठरत होता.

गेल्या पावसाळ्याआधी आम्ही गच्चीवरचा खांब उतरवला. वरची नळ्यांची रचना एका बाजूने वाकली होती आणि बूस्टरच्या प्लास्टिकच्या डब्याचे झाकण उन्हाने ठिसूळ होऊन हातात आले. आत एक ट्रान्झिस्टर, तांब्याच्या तारेची तीन वेटोळी, चार-पाच कपॅसिटर आणि कोपऱ्यात कुंभारीण माशीने बांधलेले मातीचे घर होते. दादाने डबा कानाशी धरून हलवला आणि म्हणाला, "आतलं काही हलत नाही बघ." मी तो घरी आणून बारा व्होल्ट दिले, ट्रान्झिस्टर अजून चालू होता.